दह्यांत काय घालावें आणि काय घालूं नये

शहरांतील दुकानांत दह्याचे जे लहान लहान पेले हल्लीं विक्रीस मांडलेले असतात, त्यांवर नुसतें 'दहीं' एवढेंच लिहिलेलें क्वचित् आढळतें. कोणावर पचनास उपकारक जंतु असल्याचें, कोणावर 'अ' व 'ड' जीवनसत्त्वें मिसळल्याचें, तर कोणावर तंतु किंवा जादा प्रथिनें असल्याचें छापलेलें असतें. आणि अशा प्रत्येक शब्दागणिक पेल्याची किंमत चढत जाते. डेअरीला लिटरच्या भावानें दूध घालणाऱ्या शेतकऱ्यास हें पाहून साहजिकच वाटतें कीं, दूध आपलेंच, मग ही भर आपणच घालून दहीं कां विकूं नये? हा प्रश्न योग्य आहे. परंतु त्याचें उत्तर घातलेल्या पदार्थागणिक निराळें पडतें, आणि कित्येक ठिकाणीं तें जाहिरातीवरून वाटतें तसें नाहीं. म्हणून ह्या विषयाची थोडी फोड करून सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम दह्यांत मुळांत काय आहे तें पाहूं. गाईच्या दुधाच्या शंभर ग्रॅम दह्यांत प्रथिनें सुमारें तीन ग्रॅम व कॅल्शियम सुमारें १२० ते १५० मिलिग्रॅम असतें. म्हशीच्या दह्यांत दोन्ही अधिक. 'ब-१२' जीवनसत्त्व वनस्पतींत मिळत नाहीं. शाकाहारी माणसाचा त्यासाठीं मुख्य आधार दूधदहींच. उलट लोह दह्यांत अगदीं नांवापुरतें, 'क' जीवनसत्त्व जवळजवळ नाहीं, तंतु तर मुळींच नाहींत. 'ड' जीवनसत्त्वहि दुधांत स्वभावतःच फार थोडें. आणि साय काढली म्हणजे 'अ' जीवनसत्त्वहि तिच्याबरोबर जातें. म्हणजे भर घालण्यास जागा आहे हें खरें. पण शेत मोकळें दिसलें म्हणून हातीं येईल तें बीं टाकून चालत नाहीं. जमीन त्याला मानवते कीं नाहीं तें पाहावें लागतें.

दह्याची जमीन आंबट. विरजणांतील जंतु दुधांतील साखरेचें लॅक्टिक आम्ल करतात. आंबटपणा वाढतां वाढतां सामू ४.६ च्या आसपास आला कीं दुधांतील केसीन नांवाचें प्रथिन एकत्र येऊन त्याचें जाळें बनतें आणि त्या जाळ्यांत पाणी व स्निग्धांश धरला जातो. हेंच दहीं लागणें. दूध आधीं ८५ ते ९० अंश सेल्सियसपर्यंत तापवून अर्धा तास त्या उष्णतेंत ठेवलें तर दुसरीं प्रथिनेंहि केसीनास चिकटतात आणि दहीं घट्ट, पाणी न सुटणारें होतें. आतां ह्या जाळ्यांत बाहेरचें कांहींहि घातलें तर तीन गोष्टी संभवतात: जाळें तुटेल, जंतु मंदावतील, किंवा घातलेली वस्तु स्वतःच आंबटपणांत अगर उजेडांत बिघडेल. दह्यांत घालण्याजोगी वस्तु कोणती, ह्याची परीक्षा ह्या तीन कसोट्यांनीं करावयाची. दुधांत विरघळणारे कॅल्शियमचे क्षार ह्या परीक्षेंत बहुधा नापास होतात. ते आधीं घातले तर दूध तापवतांनाच फाटतें. दह्यांत कॅल्शियम मुळांत भरपूर असतां तो खटाटोप कशास, हें आम्हांस तरी समजत नाहीं.

जंतूंची गोष्ट सर्वांत जुनी व सर्वांत जास्त गाजलेली. बल्गेरियांतील आंबट दुधांतील दंडाकार जंतु स्टामेन ग्रिगोरोव्ह ह्या विद्यार्थ्यानें १९०५ सालीं जिनीव्हा येथें शोधून काढला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेंतील एली मेच्निकॉफ ह्या शास्त्रज्ञानें त्यावरून असें मत मांडलें कीं, मोठ्या आंतड्यांतील कुजक्या जंतूंमुळें म्हातारपण लवकर येतें व आंबट दुधानें तें लांबवितां येतें. मेच्निकॉफ ह्यांस १९०८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें तें रोगप्रतिकारावरील निराळ्या कामाबद्दल. परंतु लोकांनीं तें दह्याच्या मताशीं जोडलें आणि युरोपांत दह्याचा खप वाढला. पुढें असें आढळून आलें कीं हा बल्गेरियन जंतु आंतड्यांत वस्ती करून राहतच नाहीं. तेव्हां आंतड्यांत टिकतील असे दुसरे जंतु शोधण्याकडे लक्ष वळलें. जपानमध्यें मिनोरु शिरोता ह्यांनीं १९३० सालीं असा एक जंतु वाढविला व १९३५ सालीं त्याचें पेय बाजारांत आलें. नेहमींच्या पोषणाखेरीज प्रकृतीस कांहीं विशेष उपकार करणाऱ्या अन्नाचा स्वतंत्र वर्ग कायद्यानें मान्य करण्याचा मानहि जपानचाच. ती पद्धति तेथें १९९१ सालीं सुरू झाली.

ह्यांत पक्कें काय? दुधांतील साखर ज्यांस पचत नाहीं, दूध प्यालें कीं पोट फुगतें, अशांस जिवंत विरजणाचें योगर्ट सोसतें, कारण जंतु ती साखर पचविण्यास मदत करतात. हें विधान युरोपीय संघानेंहि २०१२ सालच्या मान्य यादींत घेतलें आहे. अट एवढीच कीं दर ग्रॅममध्यें योगर्टाचे किमान दहा कोटि जिवंत जंतु असावे. पोटाच्या व प्रतिकारशक्तीच्या इतर बहुतेक दाव्यांस मात्र तेथील परीक्षकांनीं पुराव्याअभावीं मान्यता नाकारली. कांहीं विशिष्ट जंतूंचा कांहीं विशिष्ट अतिसारांत उपयोग दिसून आला आहे. पण एका जंतूचा गुण दुसऱ्याच्या नांवावर मांडतां येत नाहीं, जसें एका वळूचें दुधाचें कूळ दुसऱ्यास लावतां येत नाहीं. आपल्या देशाच्या नियमांप्रमाणें 'प्रोबायोटिक' म्हणून विकावयाच्या अन्नाच्या दिवसाच्या नेमलेल्या भागांत किमान दहा कोटि जिवंत जंतु पाहिजेत आणि जंतु कोणता तेंहि सांगितलें पाहिजे. घरच्या विरजणांत कोणते जंतु किती आहेत हें प्रयोगशाळेवांचून कळत नाहीं. तें दहीं उत्तम असेल, पथ्याचेंहि असेल. परंतु त्यावर हा शब्द छापण्याचा अधिकार आपणांस पोंचत नाहीं. शिवाय हे जंतु जिवंत आहेत तोंवरच त्यांचें मोल. दहीं उन्हांत राहिलें, फार आंबलें, किंवा कढींत उकळलें, कीं तो हिशेब संपला. (कढी वाईट असें आम्ही म्हणत नाहीं, प्रथिनें व कॅल्शियम तींत राहतातच.)

जीवनसत्त्वांकडे वळूं. येथें पुरावा बळकट आहे. फिनलंड देशांत हिंवाळ्यांत ऊन फार थोडें. तेथें २००३ सालापासून दूध, योगर्ट इत्यादि पातळ दुग्धपदार्थांत 'ड' जीवनसत्त्व घालण्यास सुरुवात झाली व २०१० सालीं प्रमाण दुप्पट करण्यांत आलें. तेथील मोठ्या लोकांच्या रक्तांतील ह्या सत्त्वाची सरासरी २००० सालच्या पाहणींत सुमारें ४८ नॅनोमोल दर लिटर होती, ती २०११ सालच्या पाहणींत सुमारें ६५ झाली. गोळ्या घेणारे लोकहि त्या काळांत वाढले होते. पण गोळ्या न घेतां केवळ दूध पिणाऱ्यांतहि वाढ दिसली, हें महत्त्वाचें. आमच्याकडे ऊन मुबलक असतांहि 'ड' जीवनसत्त्वाची उणीव शहरांत व खेड्यांतहि पुष्कळ पाहण्यांतून आढळली आहे. म्हणून २०१८ सालच्या भारतीय नियमांत दुधांत घालण्याचें प्रमाण ठरवून दिलें आहे: दर लिटरला 'अ' जीवनसत्त्व २७० ते ४५० मायक्रोग्रॅम आणि 'ड' जीवनसत्त्व ५ ते ७.५ मायक्रोग्रॅम. ज्या संघाजवळ दूध निर्जंतुक करण्याचें यंत्र आहे, त्यानें पाण्यांत मिसळणारें तयार मिश्रण मान्य विक्रेत्याकडून घेऊन तें तापविण्यापूर्वीं दुधांत घालावें, व त्या दुधाचें दहीं लावावें, हा सरळ मार्ग होय. ही दोन्ही सत्त्वें तापविण्यानें फारशीं नाश पावत नाहींत, आंबटपणासहि टिकतात. त्यांपैकीं 'अ' चा खरा शत्रु उजेड. पारदर्शक पेला दिसावयास सुरेख. पण दिव्याखालीं मांडलेल्या त्या पेल्यांतून 'अ' व दह्याचें स्वतःचें 'ब-२' हीं दोन्ही कमी होत जातात. अपारदर्शक पेला किंवा मातीचें मडकें ह्या बाबतींत बरें.

येथें एक इशारा देणें जरूर आहे. हीं प्रमाणें मायक्रोग्रॅमचीं, म्हणजे ग्रॅमच्या दशलक्षांश भागाचीं आहेत. औषधाच्या दुकानांत 'ड' जीवनसत्त्वाची साठ हजार एककांची पुडी मिळते. एक मायक्रोग्रॅम म्हणजे चाळीस एककें, हा हिशेब धरला तर त्या एका पुडींत नियमाप्रमाणें भर घातलेल्या दोनशें ते तीनशें लिटर दुधाइतकें सत्त्व भरतें. अशी पुडी घरच्या चरवींत टाकून 'पौष्टिक दहीं' करूं पाहणें हें अविचाराचें काम होय. ज्याच्याजवळ मोजण्याचें साधन नाहीं त्यानें ह्या वाटेस जाऊंच नये.

आतां लोह. बायका व मुलें यांत रक्तक्षय फार. दहीं सर्वांच्या आवडीचें. मग दह्यांतूनच लोह कां देऊं नये, हा विचार मनास पटण्याजोगा आहे. परंतु लोह व दूध यांचें जमत नाहीं. साधें हिराकसाच्या जातीचें लोह घातलें तर त्यामुळें स्निग्धांशास लवकर खवटपणा येतो, चवीस धातूचा कस लागतो, रंग पालटतो; आणि दह्यांतील कॅल्शियम व केसीन हीं दोन्हीं लोहाचें शोषण अडवितात. कवच दिलेलें किंवा न विरघळणारें लोह वापरून कारखान्यांत हा दोष पुष्कळ कमी करतां येतो, पण त्यास खर्च व कसब लागतें.

ह्याचें एक मोठें उदाहरण बांगलादेशांत घडलें आहे. महंमद युनुस यांचा ग्रामीण समूह व फ्रान्समधील दानोन कंपनी यांनीं २००६ सालीं भागीदारीनें एक धंदा काढला आणि २००७ सालीं बोगरा येथें त्याचा कारखाना सुरू झाला. आसपासच्या लहान शेतकऱ्यांचें दूध घेऊन, त्यांत खजुराच्या गुळाची गोडी आणि लोह, जस्त, आयोडिन व 'अ' जीवनसत्त्व घालून 'शक्ति दोई' नांवाचें दहीं करीत. ऐंशीं ग्रॅमच्या एका पेल्यांतून लहान मुलाच्या रोजच्या गरजेचा सुमारें तीस टक्के भाग मिळावा, अशी योजना होती. पेल्याची किंमत पांच टका. खेड्यांतील बायका तो पेला घरोघर नेऊन विकीत.

दह्याचा गुण आला कीं नाहीं? त्या भागांतील शाळांतल्या सुमारें हजार मुलांपैकीं कांहींना भर घातलेलें व कांहींना साधें दहीं वर्षभर देऊन परीक्षा करण्यांत आली. तिचा निष्कर्ष २०१३ सालीं प्रसिद्ध झाला. भर घातलेलें दहीं खाणाऱ्या मुलांत रक्तांतील हिमोग्लोबिन, तसेंच 'अ' जीवनसत्त्व व आयोडिन यांची स्थिति कांहींशी सुधारली, आणि उंचीची वाढ दुसऱ्या मुलांहून वर्षाकाठीं सुमारें एक तृतीयांश सेंटिमीटर अधिक दिसली. वजनांत फरक पडला नाहीं. म्हणजे उपयोग झाला, पण चमत्कार नव्हे. तोहि रोज खाणाऱ्यांस.

आणि रोज खाणें हेंच अवघड ठरलें. २००८ सालीं दुधाचे भाव चढले. कारखान्यानें पेल्याची किंमत आठ टका केली, त्याबरोबर खेड्यांतील खप कोसळला आणि विकणाऱ्या बायका काम सोडूं लागल्या. मग पेला साठ ग्रॅमचा करून किंमत सहा टका ठरवावी लागली, व ढाक्यासारख्या शहरांत अधिक भावानें विकून जमाखर्च जुळविण्याकडे वळावें लागलें. आमच्या मतें ह्या हकीकतींतील दुधाचा भाग आमच्या वाचकांनीं विशेष ध्यानांत घ्यावा. दुधास चार पैसे अधिक मिळाले, तर गरिबाच्या मुलाचा पेला महागतो. आणि पेला स्वस्त ठेवावयाचा, तर दूध घालणाऱ्याचा दर दाबावा लागतो. जीवनसत्त्वांचा खर्च त्यामानानें थोडा. पेल्याच्या किमतींत मोठा भाग दुधाचा, थंडाईचा व वाहतुकीचा. ज्या मुलांस ह्या भरीची खरी गरज आहे, तीं सहसा तो पेला विकत घेत नाहींत. आणि जे विकत घेतात त्यांच्या ताटांत बहुधा दुसरेंहि पुष्कळ असतें. अंगणवाडीसारख्या सरकारी वाटपांतून असें दहीं गेलें तर ही गांठ सुटूं शकेल. दुकानाच्या फळीवरून ती सुटणार नाहीं.

कारखाना व पुड्या बाजूस ठेवून आपल्या शेतांतील मालाकडे पाहिलें तर कांहीं जिन्नस दह्याशीं खरोखर जमतात. आमची पहिली पसंती जवसास. विदर्भ व मराठवाड्यांत जवसाची चटणी दह्यांत कालवून खाण्याची चाल जुनीच आहे. जवसांत सुमारें चाळीस टक्के तेल, आणि त्या तेलाचा जवळजवळ अर्धा भाग ओमेगा-३ जातीच्या स्निग्धाम्लाचा. म्हणजे दहा ग्रॅम पुडींतून तें सुमारें दोन ग्रॅम मिळतें. प्रौढ माणसाची दिवसाची गरज तेवढ्यांत भागते, शिवाय तंतुहि मिळतात. मात्र जवस भाजून कुटल्यावर त्याचें तेल लवकर खवटतें, म्हणून पूड दह्यांत आधीं मिसळून ठेवूं नये. पेल्याबरोबर वेगळी लहान पुडी द्यावी व खातांना मिसळण्यास सांगावें. जवसाचा पेरा मराठी मुलुखांत पूर्वीच्या मानानें फार घटला आहे; त्यास एखादें नवें गिऱ्हाईक मिळालें तर वाईट काय?

नाचणीचा बोलबाला मोठा आहे, पण हिशेब करून पाहावा. शंभर ग्रॅम नाचणींत कॅल्शियम सुमारें ३५० मिलिग्रॅम. चमचाभर, म्हणजे पांच ग्रॅम, सत्त्व दह्यांत घातलें तर भर पडते ती सतरा अठरा मिलिग्रॅमची. दह्यांत स्वतःचेंच त्याच्या सातआठ पट आहे. तेव्हां कॅल्शियमसाठीं दह्यांत नाचणी घालणें म्हणजे विहिरींत घागर ओतणें. तंतूंसाठीं घालावयाची तर गाळलेलें सत्त्व नको. मोड आणून, भाजून दळलेलें कोंड्यासकट पीठ शिजवून घालावें. दहा ग्रॅम पिठांतून सुमारें एक ग्रॅम तंतु मिळतो. दहीं त्यानें दाटहि होतें, आणि कोंकणांतल्या व घाटमाथ्यावरच्या माणसास ती चव परकी वाटत नाहीं.

लाल भोपळ्याचें दह्यांतलें भरीत आमच्या घरोघर होतें. त्यांतील पिवळें द्रव्य शरीरांत 'अ' जीवनसत्त्व बनतें व त्याच्या शोषणास स्निग्धांश लागतो. सायीच्या दह्यांत तो आयताच मिळतो. भोपळा शिजवून, गाळून, पुन्हां एक उकळी आणून थंड करावा आणि लागलेल्या दह्यांत शेंकडा दहापंधरा प्रमाणानें हलक्या हातानें मिसळावा. फळांचा गरहि असाच. परंतु कच्चें अननस व पपई यांत प्रथिनें तोडणारा रस असतो. तीं न उकळतां घातलीं तर दहीं कडवट होऊन त्याचें पाणी होतें. उकळल्यावर हा दोष जातो. आवळ्यांत 'क' जीवनसत्त्व संत्र्याच्या कितीतरी पट, पण रस दुधांत घातला तर दूध फाटणार. म्हणून तोहि दहीं लागल्यावरच, आणि विक्री दोनचार दिवसांत व्हावी, कारण हें सत्त्व दिवसागणिक कमी होतें. साखरेविषयीं आम्हांस एवढेंच सांगावयाचें आहे कीं, दुधांतच शेंकडा दहाच्या वर साखर घातली तर जंतु मंदावतात. आणि पेलाभर दह्यांत तीन चमचे साखर घालून वर आरोग्याचें नांव लिहिणें हें आम्हांस लबाडीचें वाटतें.

जादा प्रथिनांचें दहीं म्हणून जें विकलें जातें तें पुष्कळदां आपला चक्काच असतो. पाणी गाळल्यानें प्रथिनें दुप्पट तिप्पट होतात खरीं, पण आंबट पाण्यांत विरघळलेलें कॅल्शियम बरेंचसें वाहून जातें. तें पाणी ओतून न देतां पिठांत मळावें किंवा ताकांत घालावें.

छपाईच्या बाबतींत हयगय करूं नये. २००६ सालच्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणें अन्नाच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस दहा लाख रुपयांपर्यंत दंड आहे. 'मधुमेह बरा करतें', 'प्रतिकारशक्ति वाढवितें' अशीं वाक्यें मोठ्या कंपन्यांसहि महागांत पडतात. लहान संघानें तर घातलेला पदार्थ व त्याचें प्रमाण एवढेंच स्वच्छ छापावें.

विक्रीस आरंभ करण्यापूर्वीं प्रत्येक नव्या प्रकाराचे वीसएक पेले लावून पांच अंशांच्या खालीं थंडाईंत ठेवावे आणि एक दिवसाआड दोन पेले उघडून चव, वास, सुटलेलें पाणी व आंबटपणा यांची नोंद करावी. ज्या दिवशीं चव उतरली त्याच्या दोन दिवस आधींची मुदत छापावी. झांकण फुगलेलें दिसलें तर दोष बहुधा दुधाचा नसतो. फळाच्या गरांतून आलेल्या किण्वाचा असतो, व तेव्हां गर उकळण्याची वेळ वाढवून आणि पळी व भांडीं उकळत्या पाण्यांतून काढून पुन्हां वीस पेले लावावे.